जाम झालेला नट आणि जमा झालेली माणसे

मोटारीच्या सस्पेन्शनमधला नट जाम झाला आहे हे गाडीला कळत नाही, मालकालाही कळत नाही. ते कळते तो काढायची वेळ आली म्हणजे. तोपर्यंत नट आपले काम चोख करत असतो. खरे तर गरजेपेक्षा जास्तच चोख. कारखान्यातून निघताना त्याला ‘सुटू नकोस’ एवढेच बजावलेले असते. दहा पावसाळ्यांनंतर तो ते मनावर घेतो.

या विषयाच्या अभ्यासाला कोकणपट्टीसारखी दुसरी जागा नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, बाकीचे आठ महिने खारी हवा आणि बारा महिने महामार्गाचे काम. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू एवढे पुरतात. हवेतले मीठ या दोघांना घाई करायला लावते, कारण मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणे हा मुळात विजेचाच व्यवहार आहे. त्यात सुट्टीला आलेला पर्यटक गाडी थेट पुळणीवर नेतो, चाके भरतीच्या पाण्यात बुडवून फोटो काढतो आणि घरी परतल्यावर गाडी वरून धुतो. छप्पर लखलखीत होते. मीठ खालीच राहते, आणि पुढची काही वर्षे चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बोल्टात शांतपणे आपले काम करत बसते.

गंज म्हणजे झिजलेले लोखंड हा समज अर्धाच खरा आहे. गंज ही फुगलेली वस्तू आहे. मूळ लोखंडाने व्यापलेल्या जागेच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा गंज मागतो. किती, ते तो कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ठरते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांत फट असते ती मिलिमीटरच्या काही शतांशांची. त्या फटीत एवढा पाहुणा शिरला की पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकलेल्या दारासारखी गत होते. वर्कशॉपमधला मेकॅनिक याला ‘आटे धरले’ म्हणतो, आणि ते वर्णन कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अचूक आहे.

तसा नट नवाकोरा असतानाही घर्षणाचे पारडे जडच असते. नट आवळायला लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा जोर नटाच्या बुडाखालचे घर्षण खाते, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांतले घर्षण खाते आणि उरलेल्या दहा-एक टक्क्यांत बोल्ट ताणला जाऊन दोन भाग एकमेकांना घट्ट धरतात. शंभरातले नव्वद मध्येच गडप होऊन दहा कामाला लागतात, हा हिशेब मराठी वाचकाला नवा वाटू नये. गंज आल्यावर मधले खाणारे वाढतात, एवढेच.

नट सुटत नाही असे जाहीर झाल्यावर पहिली घटना घडते ती तांत्रिक नसून सामाजिक असते. माणसे जमतात. शेजारच्या वेल्डिंगवाल्यापासून चहा घेऊन आलेल्या मुलापर्यंत प्रत्येकाकडे एक उपाय असतो आणि तो बहुतेक वेळा द्रवरूप असतो. जुन्या पिढीची श्रद्धा रॉकेलवर. रेशनवर रॉकेल मिळायचे त्या काळापासून ती अढळ आहे. ट्रकवाले डिझेल सुचवतात. कोणी ब्रेक ऑइलची बाटली पुढे करतो. ते आट्यांत किती शिरते ते सांगता येत नाही, पण आसपासचा रंग मात्र ते हमखास सोलते. कोणी शीतपेय ओतायला सांगतो, आणि त्यातल्या फॉस्फोरिक आम्लामुळे तो अगदीच चुकीचा नसतो, फक्त फार सावकाश बरोबर असतो. एखादा खोबरेल तेलाचे नाव घेतो. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सियसखाली थिजते. डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरात ते आट्यांत न शिरता बाहेर बसून आट्यांना थंडीपासून सांभाळते.

सुशिक्षित मालक मात्र निळ्या-पिवळ्या डब्याचा आग्रह धरतो. डब्ल्यूडी-४० हे द्रव्य १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथील रॉकेट केमिकल कंपनीने तयार केले. नावातल्या दोन अक्षरांचा अर्थ पाणी दूर सारणे आणि ४० म्हणजे जमलेला चाळिसावा प्रयत्न. त्याचे पहिले मोठे काम अ‍ॅटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वाचवणे हे होते. क्षेपणास्त्र वाचवणारे औषध सस्पेन्शनमधल्या साध्या लिंक रॉडच्या नटासमोर हात टेकते याचे मालकाला फार वाईट वाटते. पण ते मुळात गंज लागू नये म्हणून बनलेले आहे, लागलेला गंज फोडायला नव्हे. खास आट्यांत झिरपणारी तेले वेगळी मिळतात आणि ती अधिक बरी.

कोणते तेल, यावर जेवढा वाद होतो त्याच्या दशांशही किती वेळ, यावर होत नाही. तेल आट्यांत शिरते ते केशाकर्षणाने, आणि केशाकर्षणाला घाई ठाऊक नाही. आदल्या संध्याकाळी मारावे, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा मारावे, सकाळी उठून हात लावावा, अशी खरी पद्धत. गॅरेजात तेलाला मिळतो तो वेळ म्हणजे डबा खाली ठेवून पाना उचलेपर्यंतचा. तेवढ्यात तेलाने जेमतेम नटाचे बाहेरचे तोंड धुतलेले असते. मग ‘तेलात दम नाही’ असा निकाल लागतो आणि दुसरा डबा येतो.

तेलाच्याही आधी करायची गोष्ट म्हणजे तारेचा ब्रश. नटाबाहेर डोकावणाऱ्या बोल्टाच्या आट्यांत चिखल, मीठ आणि गंज यांचे पक्के लुकण बसलेले असते. नट सुटला तरी त्याला बाहेर पडायचे आहे ते याच वाटेने. हे आटे चकाचक केल्याशिवाय पाना लावणे म्हणजे अर्ध्या वाटेवर पुन्हा अडकण्याची सोय करणे होय. काम दोन मिनिटांचे आहे, फुकट आहे आणि दिसायला अजिबात मर्दानी नाही. बहुधा म्हणूनच ते टाळले जाते.

त्यानंतर हातोडा. हातोड्याचा गैरवापर इतका होतो की त्याचा खरा उपयोग सांगायला संकोच वाटतो. ठोकायचे ते नट फिरावा म्हणून नव्हे, तर धक्क्याने आट्यांतला गंज तडकावा आणि तेलाला फट मिळावी म्हणून. नटाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने नेमके ठोके द्यावेत. बोल्टाच्या उघड्या टोकावर घाव घातला की टोक फुलते, वरचे आटे चेपतात, आणि मग गंज उतरला तरी नट त्या फुललेल्या टोकावरून येत नाही. घाव घालायचाच असेल तर टोकावर एक जुना नट चढवून त्यावर घालावा. प्रत्येक चांगल्या गॅरेजात एका डब्यात असे मार खाण्यासाठी राखलेले नट असतात.

पाना कोणता लावायचा हा प्रश्न सोपा वाटतो. सहा कोनांच्या नटाला सहा कोनांची गोटी, म्हणजे सॉकेट, लावावी. बारा कोनांची गोटी कोपऱ्यांवरच धरते आणि गंजलेल्या नटाचे कोपरे आधीच विरघळलेले असतात. उघड्या तोंडाचा पाना तर अशा नटाला दाखवूही नये. जुन्या जीपचे नट इंचात असतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे त्या नटाला १९ चा पाना जेमतेम जमून जातो आणि माणसाचा आत्मविश्वास वाढतो. मग तोच माणूस अकरा-सोळांश इंचाच्या नटाकडे वळतो. तो भरतो १७.४६ मिलिमीटर. १७ ची गोटी बसत नाही, १८ ची सैल होते. माणूस १८ ची लावतो, वरून जोर देतो आणि सहा कोनांच्या नटाचा एक गोल गोटा तयार करतो.

यानंतर दिशा. घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवले की नट सुटतो हे लहान मूलही सांगेल. पण ते मूल उभे राहून सांगत असते. गाडीखाली उताणे पडून, डोक्यामागच्या, वर तोंड केलेल्या नटाला हात मागे नेऊन पाना लावल्यावर घड्याळ कोणत्या बाजूने पाहायचे याबद्दल प्रामाणिक मतभेद होतात. जगातले कित्येक जाम नट मुळात जाम नसतात. कोणीतरी त्यांना अर्धा तास आवळत असतो. त्यात जुन्या जीपच्या टाय रॉडला एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात. मधली नळी फिरवली की दोन्ही टोके एकदम आत किंवा बाहेर यावीत, ही त्यामागची सुंदर कल्पना. ती ठाऊक नसलेल्या माणसाचा दिवस मात्र सुंदर जात नाही.

गंमत म्हणजे मुद्दाम किंचित आवळणे हाही अधिकृत उपाय आहे. सोडण्याआधी नट केसभर आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा आवळायचा. गंजाची साखळी एका बाजूला तुटली तरी पुरते. सुटल्यावरही पाव फेरा पुढे, अष्टमांश फेरा मागे, मध्ये तेल, अशीच चाल ठेवावी. नट एकदा हलला की मेकॅनिकच्या आवाजात माया येते. मघापर्यंत ज्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता त्याला ‘ये बाबा, ये हळूहळू’ असे चुचकारणे सुरू होते.

नट हललाच नाही तर पाइप येतो. पान्याच्या दांड्यावर चढवलेला लांब पाइप हे भारतीय गॅरेजचे सर्वांत विश्वासू आणि सर्वांत विध्वंसक हत्यार आहे. तीस सेंटिमीटरच्या पान्यावर २५ किलोचा जोर दिला तर बोल्टावर सुमारे ७४ न्यूटन-मीटर पीळ पडतो. तोच जोर एक मीटरच्या पाइपावर दिला तर २४५. बारा मिलिमीटर जाडीचा, ८.८ दर्जाचा बोल्ट आवळायचाच मुळी ८० ते ९० न्यूटन-मीटरने. आता ‘उस्ताद, मी बघू का?’ म्हणत पन्नास किलोचा पोऱ्या त्या पाइपाच्या टोकावर उभा राहतो. हिशेब पाचशेच्या जवळ जातो. त्या क्षणी येणारा ‘टक्’ असा आवाज नट सुटल्याचा की बोल्ट तुटल्याचा, हे ऐकून ओळखता येत नाही. मेकॅनिकच्या चेहऱ्याकडे पाहून येते. दुसरे असे की जॅकवर उभ्या गाडीला पाइपाने हिसके दिले की गाडी जॅकवरून उतरू शकते. खाली भक्कम स्टँड आणि चाकांना अडण नसेल तर पाइपाला हात लावू नये. हे वाक्य विनोदी नाही.

पाइप हरला की आगीची पाळी. नट तापवला की फुगतो हे शाळेत शिकवलेले असते; किती फुगतो हे शिकवलेले नसते. बारा मिलिमीटरचे पोलादी भोक तापमान ३०० अंशांनी वाढवल्यावर सुमारे ०.०४ मिलिमीटरने मोठे होते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढे पुरते, कारण नट आधी तापतो, बोल्ट मागून, आणि या पुढेमागे होण्यात गंजाचा थर तडकतो. गरम नटाला मेणबत्ती टेकवली तर वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते; ही युक्ती महागड्या डब्यांपेक्षा अनेकदा सरस ठरते आणि जमलेल्यांपैकी एकालाही आधी सुचलेली नसते.

पण सस्पेन्शन म्हणजे काही नुसते लोखंड नव्हे. बॉल जॉइंटचे रबरी बूट, आर्मचे बुश, हातभर अंतरावर ब्रेकची नळी आणि नुकतेच मारलेले, पेट घेणारे तीन प्रकारचे तेल, या सगळ्यांमध्ये गॅसची ज्योत फिरवायची असते. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या नळकांड्यात तेल आणि बहुतेक वेळा दाबाखालचा वायू असतो. त्याला तापवणे म्हणजे बाँब भाजणे. लाल होईपर्यंत तापवलेल्या बोल्टाचे पाणी उतरते, त्यामुळे तो निघाला तरी पुन्हा बसवायचा नसतो.

एवढे झाल्यावर प्रत्येक सांध्याची वेगळी तऱ्हा पाहणे भाग आहे. स्टॅबिलायझरचा लिंक रॉड वरवर सर्वांत गरीब. त्याचा नट सुटतोही, पण नटाबरोबर आतला गोळीचा दांडाही गोल फिरू लागतो आणि नट जागच्या जागी राहतो. दांडा धरता यावा म्हणून त्याच्या टोकाला सहा कोनी खळगा दिलेला असतो. कारखान्याची ही दूरदृष्टी दहा वर्षांच्या चिखलाने बुजलेली असते, आणि अ‍ॅलन की न साफ करता घातली की खळगाही गोल होतो. इथे मालकाने लक्षात घ्यावे की लिंक रॉड बदलायलाच गाडी आणली आहे. टाकून द्यायच्या भागाचे आटे वाचवण्यासाठी दोन तास आटापिटा करण्यापेक्षा ग्राइंडरने नट कापणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. तरीही पहिले दोन तास आटापिट्यातच जातात, कारण कापणे म्हणजे हरणे अशी गॅरेजातली नीती आहे.

टाय रॉड एन्डचे नाते चेक नटाशी, म्हणजे एन्डला जागेवर जखडून ठेवणाऱ्या नटाशी. हा नट अर्धा फेरा सैल झाला तरी काम होते, पूर्ण काढायचा नसतो. सोडण्याआधी बाहेर किती आटे दिसतात ते मोजून लिहून ठेवावे; नाहीतर नवा एन्ड बसवल्यावर स्टिअरिंग सरळ धरले की गाडी शेतात आणि गाडी सरळ धरली की स्टिअरिंग आडवे, अशी निवड करावी लागते. दुसऱ्या टोकाचा निमुळता दांडा नट काढल्यावरही सुटत नाही. त्याला खालून ठोकायचे नसते. तो ज्या डोळ्यात बसला आहे त्या डोळ्याच्या कडेवर बाजूने दोन जोरकस ठोके दिले की तो आपणहून खाली पडतो. जमलेल्या मंडळींना हे जादूसारखे वाटते आणि त्यांपैकी एक जण ‘मी तेच म्हणत होतो’ असे म्हणतो.

खरा राजा मात्र लोअर आर्मच्या बुशातला बोल्ट. बुश म्हणजे मध्ये पोलादी नळी, तिच्याभोवती रबर, बाहेर पुन्हा पोलाद. बोल्ट त्या आतल्या नळीतून आरपार जातो. नट बिनतक्रार निघतो आणि सगळे खूश होतात. मग बोल्टाला पाना लावल्यावर तो फिरतो, चांगला वीस-पंचवीस अंश फिरतो, आणि हात सैल केला की परत मूळ जागी येतो. पुन्हा फिरवावा, पुन्हा येतो. बोल्ट नळीला गंजाने जोडला गेला आहे आणि फिरते आहे ते रबर, हे ध्यानात यायला प्रत्येकाला आपापला वेळ लागतो. इथे हातोड्याचे धक्के रबर पिऊन टाकते, इम्पॅक्ट गनचा आवाजच तेवढा मोठा होतो, आणि तेल नळीच्या मध्यापर्यंत पोचत नाही. गॅस लावला तर रबर जळून असा काळा धूर निघतो की सल्लागार पांगतात. या उपायाचा तो एकच निश्चित फायदा. काही गाड्यांत बोल्टाचे दुसरे टोक चासीच्या पेटीत वेल्ड केलेल्या नटात शिरते, आणि जोर फार झाला की तो वेल्ड सुटून नट आत मोकळा फिरू लागतो. तिथे पाना पोचत नाही, बोटही पोचत नाही. पत्रा कापून खिडकी करावी लागते. जाणता मेकॅनिक अशा बोल्टाला दोनदा हात लावतो, उठतो, हात पुसतो आणि मालवणीत म्हणतो, ‘सायबानू, ह्यो काय सुटूचो नाय.’ मग तो बुशाच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट कापतो आणि आर्म बोल्टासकट खाली काढतो. नवा आर्म, नवा बोल्ट. खर्च ऐकून मालक गाडीला टेकतो. ती स्टँडवर आहे हे त्याला उशिरा आठवते.

एका नटाला मात्र जाम असो वा नसो, हात लावायचा नाही. बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना स्ट्रटच्या माथ्यावर मधोमध जो दिसतो तो. त्याच्याखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि तो सुटला की तीही सुटते, सरळ वर. स्प्रिंग आवळून धरणारे साधन लावल्याशिवाय हा नट कोणीही सोडू नये. उत्साही मालकाला पहिला दिसतो तो नेमका हाच, हे यंत्रशास्त्राचे दुर्दैव.

बोल्ट भोकातच तुटला तर मध्यभागी छिद्र पाडून उलट्या आट्यांचा इझी-आऊट घालतात. तो कठीण पोलादाचा असतो आणि म्हणून ठिसूळही. आत तुटला तर त्याला साधे ड्रिल लागत नाही, आणि आता एकाऐवजी दोन वस्तू अडकलेल्या असतात. त्यापेक्षा तुटक्या तुकड्यावर नवा नट ठेवून मधून वेल्डिंग भरणे चांगले; धरायला डोके मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही तडकतो. इतका वेळ रॉकेलचा आग्रह धरणारा शेजारचा वेल्डिंगवाला शेवटी आपल्याच धंद्याने उपयोगी पडतो.

परत जोडताना आट्यांना न चिकटू देणारे ग्रीस लावावे, आणि ते लावले असेल तर आवळण्याचा जोर थोडा कमी ठेवावा, कारण वाटेतले खाणारे कमी झालेले असतात. नायलॉनची कडी असलेला नट दुसऱ्यांदा वापरू नये. बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा पाहूनच बदली घ्यावी, १०.९ च्या जागी बिनआकड्याचा बोल्ट घालणाऱ्याला स्वस्ताई फार दिवस भोगता येत नाही. बुशाचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, नाहीतर रबर जन्मभर पीळ खाऊन बसते आणि लवकर फाटते. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. आणि किनारपट्टीवरची जुनी गाडी विकत घेणाऱ्याने सीटचे कव्हर आणि म्युझिक सिस्टिम नंतर पाहावी. आधी गाडीखाली वाकून चेक नटाच्या आट्यांवर बॅटरीचा उजेड टाकावा.